रिकामी पिशवी

“पिशवी उलटी कर,” मॅडम म्हणाल्या.

मांडव्याजवळच्या बंगल्याचं फाटक. व्हरांड्यात त्यांचे मुंबईचे पाहुणे चहा पीत बसलेले. मी तिथं स्वयंपाक-भांड्याला. त्या दिवशी सुट्टी होती, म्हणून समोरच्या रस्त्यानं झपझप चालत होते. खांद्याला कापडी पिशवी.

फाटकावरचा राखणदार माझा सख्खा धाकटा दीर. “वैनी, दाखव ना. आपलं काय जातंय?”

माझी बोटं सुजलेली, बंदाची गाठ सुटेना. त्यानंच पिशवी ओढून झटकली. कोथिंबिरीचं एक सुकलेलं पान पडलं.

“रिकामी पिशवी घेऊन कोण फिरतं?” मॅडम पाहुण्यांकडे वळल्या. “सकाळी भांडी घासायला हिचे हात दुखतात. पाय बघा कसे पळतात! सगळी नाटकं.”

पाहुणे हसले. मीही हसले. माझ्यावर कुणी हसलं की त्याला एकटं सोडवत नाही मला.

आता पिशवीचं सांगते. बोटांची ही सूज म्हणजे म्हातारपणाचा वात नव्हे, असं सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं. शरीराचा राखणदारच घरच्यांना चोर समजतो, सांध्यांवर धावून जातो. गोळ्या सोडायच्या नाहीत, आणि दम लागेल असं रोज चालायचं. बोलता यावं, गाता येऊ नये. म्हटलं, गाता मला बसूनही येत नाही.

“आणि दिवसभर राबते ते?” मी विचारलं.

“त्यानं हात शिणतात. या दुखण्यात हृदयालाही धोका असतो, चालणं त्यासाठी.”

पण आमच्या गावात बाई रस्त्यावर दिसली की जो तो विचारतो, “कुठं चाललीस?” काम नसताना चालणारी एक तर घरात भांडलेली, नाही तर डोकं फिरलेली. पुरुष जेट्टीवर दिवसभर बसतात, त्यांना कुणी विचारत नाही. म्हणून पिशवी. “बाजारात,” म्हणायचं आणि सुटायचं. स्वतःच्या हृदयासाठी मी चोरासारखी चालत होते.

संध्याकाळी दीर घरी आला. “नोकरी हाय, वैनी. मनावर घेऊ नको.”

“घेतलं,” म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पिशवी खुंटीलाच ठेवली. मोकळे हात कुठं ठेवायचे तेच कळेना. तोच रस्ता, तेच फाटक. मॅडम पांढरे बूट घालून चालायला निघालेल्या. त्यांच्या हातातही काही नव्हतं.

“आता कुठं?”

“कुठं न्हाय. चालते.” दम लागला होता, पण बोलता येत होतं. “आणि मॅडम, भांडी उन्हं वर आल्यावर घासीन. बोटं उघडली की. चालत नसेल तर दुसरी बघा.”

दीर खाली बघत होता. मी थांबले नाही.

बोटं अजून सकाळी उघडत नाहीत. पिशवी दाखवायला तर कधीच उघडायची नाहीत.