सिस्टरबाईंची मेलपेटी

सिस्टरबाईंना बसून जेवताना मी कधी पाहिलं नाही. हातात ताट, तोंडात घास आणि पाय अंगणात. शाळेत नवीन लागले तेव्हा साकोलीत त्यांच्याकडे खोली घेतली. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मॅडम, मी बसली का माहा जीव घाबरते. तुमी बसा." दवाखान्यातून त्या निवृत्त झाल्या होत्या, पण पायांना ती ऑर्डर मिळालीच नव्हती.

एकुलती लेक सुजाता आखातातल्या एका हॉस्पिटलात नर्स. जाण्याआधी तिने नागपूरहून आईसाठी एक यंत्र आणून ठेवलं. जेवणाच्या डब्याएवढं, टाइप करायची बटणं, बोटभर पडदा. टेलिफोनची वायर जोडली की नागपूरची लाईन लावून ई-मेल यायचा, जायचा; कॉम्प्युटरची गरज नाही. गल्लीने त्याला मेलपेटी म्हटलं. सुजाता इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची आणि बाई ते मोठ्याने वाचत, वायर पुरेल तेवढ्या फेऱ्या मारायच्या.

पण नुसत्या मेलसाठी एवढी वस्तू अडवून ठेवणं त्यांना पटेना. पेटीतला गजर शेजारच्या शुगरवाल्या बाबांच्या गोळीसाठी लागला. पत्त्यांच्या जागी गल्लीतल्या बाळांच्या इंजेक्शनच्या तारखा चढल्या. मग कोणाच्या पोरीचा बायोडाटा, कोणाच्या धानाच्या रोवणीला येणाऱ्या बायांची नावं. मी हसले की म्हणायच्या, "खाली जागा काहून ठेवाची जी? दवाखान्यात खाट खाली ठेवते का कोनी?"

व्हायचं तेच झालं. पेटी तुडुंब भरली आणि जुनं पुसल्याशिवाय नवा मेल येईना. बाईंनी गल्लीचा पसारा थोडा थोडा पुसत जागा केली. शेवटी उरले फक्त सुजाताचे मेल. आज भेंडी करपली, आज उकाडा फार, असलेच. मी म्हटलं, वहीत उतरवून देते. बाईंनी हात झटकला. "वहीत तुमचं अक्षर येईन, मॅडम. पेटीत तिनं धाडलेलं हाय."

आणि तिकडे लढाई पेटली. फोन लागेना. टीव्हीवर नुसता धूर. बाई अंगणातून फाटकात, फाटकातून थेट हायवेपर्यंत, तशाच माघारी. त्यांचं बघून माझाही जीव थाऱ्यावर राहीना; फळ्यावर अर्धं वाक्य लिहून मी खिडकीकडे बघत उभी राहायची. एका दुपारी घरी आले तर पेटीवर अक्षरं होती: मेल आला आहे, जागा नाही.

मी वही आणायला धावले. परत आले तोवर बाई भराभर बटणं दाबत होत्या.

"अहो थांबा, मी लिहून घेते!"

"थांबाले येळ नाई जी. पोरगी पायजे का तिची भेंडी?"

सगळे मेल गेले. मला रडू आलं, त्यांना नाही. नवा मेल उतरला. "आई, मी बरी आहो. हॉस्पिटलनं विचारलं, घरी जाता का? लय जनी गेल्या. वॉर्ड भरला आहे. तू म्हनशील तसं करते. आजच कळव."

बाईंच्या अंगाचा नुसता भडका उडाला. "वॉर्ड, वॉर्ड! मी का कोनीच नाई तिची?" लगेच टाइप केलं, 'ताबडतोब ये.' पुसलं. पुन्हा तेच टाइप केलं, पुन्हा पुसलं. नाडी मोजायला घेतल्यासारखं स्वतःचंच मनगट धरून त्या खोलीभर फिरल्या. मी काय सांगणार? दुसऱ्याच्या लेकीला थांब म्हणायला माझं काय जात होतं!  मग त्यांनी उभ्यानेच एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'वॉर्ड सोडजो नोको. टायमावर जेवजो.' आणि पाठवायचं बटण दाबलं.

एरवी पाच-सहा खटपटी केल्याशिवाय नागपूरची लाईन लागायची नाही. त्या दिवशी पहिल्याच झटक्यात लागली. मेल गेलासुद्धा. बाई पेटीकडे बघतच राहिल्या. मग माझा हात घट्ट धरला आणि म्हणाल्या, "मॅडम, आजच काहून लागली जी एवढ्या लवकर?"