खंडेनवमीचं विमान

माझ्या मामासाहेबांबद्दल कोणाला गोड ऐकायचं असेल तर त्याने दुसरीकडे चौकशी करावी. धारमध्ये तसं बोलणारा माणूस सापडणं कठीण आहे, पण शोधायला हरकत नाही. गणोजीराव मोहिते हे नाव घेतलं की त्यांच्या गल्लीतला दूधवालासुद्धा गाडी एक घर आधीच थांबवतो. माझं त्यांच्याशी कधी पटलं नाही आणि पटावं असं आता वाटतही नाही. तरी लिहायला बसले आहे, कारण गेल्या दसऱ्याला जे पाहिलं ते डोक्यातून जात नाही.

मामासाहेब धारच्या बाहेर एका हवाईपट्टीवर काम करतात. तिथे एक खासगी संस्था मुलामुलींना विमान चालवायला शिकवते. मामासाहेब तिथल्या हँगरचे सुपरवायझर. विमानं बाहेर ढकलायची, आत घ्यायची, पुसायची, चाकांखाली ठोकळे लावायचे, संध्याकाळी झाकणं घालायची. इंजिनाला हात लावायची त्यांना परवानगी नाही, तेवढं सोडून बाकी सगळ्यावर हुकूम त्यांचा. आमच्या आजोळच्या पूर्वजांकडे संस्थानचा शिलेखाना होता, म्हणजे शस्त्रांची कोठी. संस्थान गेलं, शस्त्रं गेली, एक तलवार घरी राहिली आणि मिजास मात्र सगळीच्या सगळी मामासाहेबांच्या वाट्याला आली. आयुष्यात ते एकदाही विमानात बसलेले नाहीत. कोणी विचारलं तर म्हणतात, "शिलेखाना सांभाळणारा लढाईला जात नसतो."

विमानांची त्यांना माहिती आहे, हे मी नाकारत नाही. फक्त ती माहिती ते माणसांना डिवचायला वापरतात. माझे वडील बँकेत होते, स्वभावाने गरीब. दिवाळीला पंगत बसली की मामासाहेब सुरू व्हायचे, "दाजीसाहेब म्हणजे हिवाळ्यात मांडूला उडवतात तो फुगा. आतली हवा तापली, हलकी झाली, की वर. शेगडी विझली की खाली. जायचं कुठे ते वारा ठरवणार." वारा म्हणजे माझी आई, हे सगळ्यांना कळायचं आणि सगळे हसायचे. त्यांचे स्वतःचे धाकटे भाऊ विक्रमसिंह राजकारणात, म्हणून ते हेलिकॉप्टर. "विमानाला पुढे धावल्याशिवाय पंखावर वारा मिळत नाही. हेलिकॉप्टरचा पंखच गरगर फिरतो, म्हणून ते एका जागी लटकून राहतं. पोचायचं कुठेच नाही, धूळ मात्र गावभर." बागलीचा माझा मावसभाऊ शेतांवर ड्रोनने फवारणी करतो. त्याच्याबद्दल म्हणे, "चार पंखे, आणि अक्कल खाली उभ्या असलेल्या माणसाच्या हातात."

मी देवासला शाळेत विज्ञान शिकवते. लग्न मोडल्यावर आईवडिलांकडे परत आले. म्हणून मी ग्लायडर. "स्वतःचं इंजिन नाही. दुसऱ्याने दोराने ओढून वर न्यायचं, दोर सुटला की डौलात खाली खाली येत राहायचं." हे त्यांनी भरल्या ताटावर, सगळ्यांदेखत म्हटलं. मी म्हटलं, "मामासाहेब, तापलेल्या जमिनीवरून हवा वर चढत असते. ती सापडली तर ग्लायडरही चढतं, तासन् तास चढतं. एवढं सांगायचं राहिलं तुमचं."

"सापडली तर," ते म्हणाले आणि श्रीखंडाची वाटी पुढे केली. त्या दिवसापासून मी त्यांच्या घरी जेवत नाही.

पोटच्या मुलीलाही त्यांनी सोडलं नाही. कृतिका त्यांची एकुलती एक. मामासाहेबांनी तिच्यासाठी ग्वाल्हेरकडचं एक स्थळ हेरून ठेवलं होतं, आणि हिने घरात न विचारता त्याच संस्थेत प्रवेश घेतला. मामासाहेबांना कळलं ते थेट हँगरमध्ये, नव्या पोरांच्या रांगेत ती युनिफॉर्म घालून उभी दिसली तेव्हा. तिथून बोलणं बंद. ती हातभर अंतरावर असली तरी दुसऱ्याला सांगायचे, "उस कैडेट को बोलो, पंख को टिक के खडी ना रहे." घरी मामींना ऐकवायचे, "कागदाचं विमान आहे ते. फेकलं तेवढं जाईल, मग नाक जमिनीत." कृतिकाही त्यांचीच मुलगी. तीही समोरासमोर बसून म्हणायची, "आईसाहेब, सुपरवायझर साहेबांना सांगा, चाय ठंडी हो रही है." मधल्या मध्ये उमाबाई मामी दोघांचे निरोप पोचवत फिरायच्या. मामींना मी कधी चिडलेलं पाहिलं नाही, आणि मला त्याचाही रागच येतो.

कृतिकाला शिकवणाऱ्या विद्युल्लता मॅडम मूळच्या आमच्या देवासच्या. बोलणं मोजकं, नजर करडी. मामासाहेबांना बाईचा हुकूम सोसत नाही आणि मॅडमना मामासाहेबांची मिजास सोसत नाही, त्यामुळे हँगरमध्ये रोज ठिणग्या. गेल्या नवरात्रात मॅडमनी कृतिकाचं पहिलं एकटीचं उड्डाण ठरवलं. तोवर शेजारच्या सीटवर मॅडम असायच्या. आता एकटीने उडायचं, पट्टीभोवती एक फेरी मारायची आणि उतरायचं. हे जमलं तर पुढचं शिक्षण, नाही तर तिथेच सगळं अडायचं. मॅडमनी दिवस धरला तो नेमका खंडेनवमीचा.

मामासाहेब हँगरच्या दारात आडवे उभे राहिले. "खंडेनवमीला पूजलेलं शस्त्र हलत नाही. दसऱ्याला सीमा ओलांडायची, त्याआधी नाही. दोनशे वर्षांची रीत आहे."

"गणोजीराव, हे ट्रेनर विमान आहे. तलवार नाही," मॅडम म्हणाल्या.

"माझ्या ताब्यात आहे तोवर शस्त्रच."

शेवटी मॅडमनीच वैतागून दसऱ्याची सकाळ दिली. "घ्या, तुमच्या कॅडेटचं सीमोल्लंघन समजा," असं म्हणून त्या निघून गेल्या. मामासाहेब दारातून हलले, पण चेहरा असा की जणू काही त्यांना कोणी काही दिलंच नाही.

मी सुट्टीत धारला आले होते, तेव्हा खंडेनवमीला मामींनी मला पूजेचं ताट घेऊन हँगरवर पाठवलं. दरवर्षी मामासाहेब प्रत्येक विमानाच्या नाकाला गंधाचं बोट लावतात आणि एक झेंडूचं फूल ठेवतात, बस. या वर्षी बाकीच्या विमानांना तेवढंच केलं आणि कृतिकाच्या विमानापुढे मात्र ते सोवळं नेसून, पाट मांडून बसले. मंत्र, पाणी, गंध, अक्षता, सगळं साग्रसंगीत. पंख्याला, चाकांना, पंखांच्या टोकांना, दरवाजाला. जिच्याशी बोलत नाहीत तिच्या विमानाला. मला ते बघवेना, मी बाहेर जाऊन उभी राहिले. पुढचं त्यांनी स्वतःच दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं, पण ते इथेच सांगणं बरं.

या छोट्या विमानाच्या डाव्या पंखाखाली एक बारीक नळी असते, तोंड पुढच्या बाजूला. विमान धावलं की वारा त्या नळीत घुसतो. जितका वेग, तितका वाऱ्याचा रेटा, आणि त्या रेट्यावर पायलटसमोरचा वेगाचा काटा चालतो. वेग हेच विमानाचं सगळं भांडवल. पंखावरून हवा वेगाने वाहते म्हणून पंख उचलला जातो. वेग कमी झाला की तेवढीच उचल मिळवायला नाक वर करावं लागतं, आणि ते फार वर गेलं की हवा पंखाची पाठ सोडून देते. त्याला स्टॉल म्हणतात. मग पंख उरतो नुसता पत्रा. त्या कड्यापासून आपण किती लांब आहोत, हे तो काटा सांगतो. म्हणून विमान उभं असताना नळीत धूळ, गांधीलमाशी जाऊ नये यासाठी तिच्यावर लाल फीत असलेलं एक झाकण घालतात.

मामासाहेबांनी ते झाकण पाहिलं. म्यानातल्या तलवारीची पूजा होत नाही, ही आमच्या घरची रीत. तलवार बाहेर काढायची, पुजायची, पुन्हा म्यान करायची. त्यांनी झाकण काढलं, नळीच्या तोंडाला लाल गंध लावलं, वर अक्षता चिकटवल्या आणि झाकण पुन्हा घट्ट बसवलं. झाकणाच्या रेट्याने तांदळाचा एक दाणा आत गेला. रात्रभरात गंध वाळून त्याच्याभोवती घट्ट झालं.

दसऱ्याला सकाळी वारा अजिबात नव्हता. कृतिकाने विमानाभोवती फेरी मारून एकेक गोष्ट तपासली, झाकण काढून हँगरच्या खुंटीला अडकवलं. नळीपाशी ती क्षणभर थांबली, मग पुढे गेली. मामासाहेब पाठमोरे उभे होते, पण मान पट्टीकडे वळलेली.

शेजारी मॅडम नसल्याने विमान हलकं झालेलं. ते तिच्या अंदाजाच्या आधीच जमिनीवरून उठलं. काट्याकडे तिचं लक्ष गेलं तोवर चाकं हवेत होती आणि थांबायला पट्टी उरली नव्हती. मॅडमच्या हातातल्या वायरलेसवर तिचा आवाज आला.

"मॅडम, स्पीड झीरो दाखवतंय. काटा हललाच नाही."

मॅडमचा चेहरा पांढरा पडला, आवाज मात्र तसाच राहिला. "विमान उडतंय ना?"

"हो."

"मग काटा विसर. तो खोटं बोलतोय. बाहेर बघ. रोज नाक क्षितिजाच्या जिथे ठेवतेस तिथेच ठेव. पॉवर रोजचीच. स्टॉल जवळ आला की वाजणारा भोंगा वेगळा असतो, तो ठीक आहे. वाजला तर नाक खाली, सोचना नहीं."

"ओके मॅडम."

मी मामासाहेबांकडे पाहिलं. त्यांनी खुंटीवरचं झाकण काढून हातात घेतलं होतं. आत बोट घालून बाहेर काढलं, ते लाल झालेलं. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. त्यांना कळला होता. 

प्रत्येक वळणाला मॅडम तेवढंच सांगत होत्या, "वळताना नाक उचलू नकोस."  शेवटच्या वळणावर भोंगा एकदा कुईं करून वाजला, वायरलेसवर आम्ही ऐकला, आणि विमानाचं नाक चटकन खाली गेलं. मग ते पट्टीवर आलं, वेग जास्त होता, टेकलं, उसळलं, पुन्हा टेकलं आणि अगदी पलीकडच्या टोकाला जाऊन थांबलं.

आम्ही पोचलो तेव्हा कृतिका पंखाखाली उभी होती. इंजिनिअरने नळीत तार घातली, तर लाल भुगा पडला आणि त्यात तो दाणा. मॅडमनी तो तळहातावर घेतला. "हे कोणी केलं?"

 मग मामासाहेब पुढे झाले, छाती काढून, नेहमीच्या आवाजात. "उड्डाणाआधी नळी तपासणं हे पायलटचं काम आहे. नियमात आहे तसं. चूक कॅडेटची आहे."

शब्दन् शब्द खरा होता. म्हणूनच मला त्यांची किळस आली. एकुलती एक मुलगी मरणाच्या दारातून परत आली होती आणि हा माणूस नियम सांगत होता.

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कृतिका, हा रिपोर्ट वर जाणार. तुझं उडणं कदाचित इथेच बंद होईल. नळी बघितली होतीस?"

"बघितली."

"लाल दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"मग?"

कृतिकाने वडिलांकडे तोंड केलं. प्रवेश घेतल्यापासून पहिल्यांदाच ती त्यांच्याशी थेट बोलली. "आबासाहेब, मी सगळं दोन-दोन वेळा चेक करते. मॅडमनी केलेलंसुद्धा. ते गंध तुमच्या हातचं होतं. आपने लगाया है तो ठीक ही होगा, असं वाटलं. म्हणून नाही तपासलं."

तिच्या आवाजात रडणं नव्हतं. असतं तर त्यांना सोपं गेलं असतं.

मामासाहेबांची छाती तशीच राहिली, पण ते मॅडमकडे वळले. म्हणाले, "झाकण मी काढलं. गंध मी लावलं. अक्षताही." आणि म्यानाची, रीतीची सगळी हकिकत सांगितली, खाली बघत, लहान मुलाने पाठ म्हणावा तशी. मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे पहिल्यांदा विचारलं तेव्हा सांगायचं होतं." 

कृतिकाचं उडणं काही आठवडे बंद राहिलं, मग पुन्हा सुरू झालं. तिने एकटीची फेरी मारली आणि नीट उतरली. मामासाहेबांची नोकरी मॅडमनी वर सांगून राखली, हँगरमधली पूजा बंद केली. आता बापलेक बोलतात. मामी म्हणतात, "बघ, देवाने जोडलं." त्यांना मामासाहेबांची दया येते, मलाही यावी असं त्यांना वाटतं. मला येत नाही.

मागच्या महिन्यात मी पुन्हा हवाईपट्टीवर गेले होते. मामासाहेबांनी कृतिकाचं विमान बाहेर काढलं, पुसलं, नळीवरचं झाकण काढून तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, "साफ आहे, बेटा. मी बघितलंय."

"हो, आबासाहेब," ती म्हणाली. मग टॉर्च काढून गुडघ्यांवर बसली आणि नळीत बघितलं. नंतर त्यांचा हात जिथे जिथे लागला होता तिथे तिथे जाऊन एकेक गोष्ट पुन्हा तपासली, त्यांच्या देखत. ते तिच्यामागे चालत राहिले, तिचं संपेपर्यंत.