मामाचा पासपोर्ट मी लपवलाय

बायांनो, मी सांगतेय आणि नात सई टाईप करतेय. मला अक्षर येत नाही, तेव्हा चुका तिच्या. श्रीकांत या ग्रुपात नाही, चुगली करू नका.

श्रीकांत माझा मुलगा, सईचा बाबा. नागपुरात माझ्या लेकीच्या मुलीचं लग्न बारा दिवसांवर आलंय, आणि नवरीला मांडवात मामानंच आणायचं असतं. पण इथे अमेरिकेत त्याचा ग्रीन कार्डाचा अर्ज अडकलाय. नोकरी बदलताना जुना व्हिसा सुटला, म्हणून प्रवासाचं परवानगीपत्र येण्याआधी देश सोडला तर अर्ज बाद. वकीलबाई म्हणाल्या, "एक दिवससुद्धा नाही."

आज सकाळी हा म्हणतो, "आई, चार दिवसांत कुणाला कळतंय?"

"अरे, विमानानं जातोयस की परसातून? तिथे शिक्के मारतात!"

तो आंघोळीला गेला आणि मी कपाट उघडलं. सगळे पासपोर्ट निळेच, पण फोटोतलं पोराचं तोंड मला वाचता येतं. उचलला आणि पोह्यांच्या डब्यात खुपसला. सई ओरडली, "आजी, यू कान्ट डू दॅट!"

तासाभरात लेकीचा फोन. "आई, दादा येतोय ना गं? पोरगी रोज विचारते."

"बघू," म्हटलं मी आणि फोन ठेवला.

पत्र आलं तर मीच पासपोर्ट काढून देईन. नाही आलं तर? त्याची इथली दहा वर्षांची मेहनत वाचवायला मीच मामाला अडवलं, हे लेकीला कोणत्या तोंडानं सांगू? दोघंही माझ्याच पोटची. तुम्ही काय केलं असतं?