भोंगा बंद झाल्यावर

माझी चुलती ऐन थंडीत वारली. त्या वेळी साखर कारखान्याचा हंगाम जोरात चालू होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे आमच्या लक्षात यायला उन्हाळा उजाडावा लागला.

तिला दोन मुलगे. थोरला आण्णा, फौजेत सुभेदार. धाकटा दादा, माझ्याहून बराच मोठा, चाळिशीला आलेला, पण जन्मापासून बुद्धीनं कमी. गाव त्याला भोळा म्हणे, कराडचे डॉक्टर इंग्रजीत काहीतरी म्हणत, आणि दोन्हींचा उपयोग सारखाच होता. त्याला आकडे येत नसत, घड्याळ कळत नसे. पण झाडलोट, शेळी राखणं, भात शिजवणं, चहा करणं हे चुलतीनं त्याला चिकाटीनं शिकवलं होतं. कुठलं काम कधी करायचं, हे मात्र तिनं कारखान्याच्या भोंग्यावर सोपवलं होतं. पहाटेचा भोंगा झाला की उठायचं आणि शेळी सोडायची. दुपारच्याला जेवायचं, संध्याकाळच्याला चहा, रात्रीच्याला दिवा मालवून दाराला कडी.

तेराव्याला आण्णानं सगळ्यांना पंगतीतच हुकूम वाचून दाखवावा तसं सांगितलं, “ह्याला सांगलीकडच्या आश्रमात ठेवायचं. एकट्याला सोडून मी सरहद्दीवर काय म्हणून झोपू?”

दादा उंबर्‍यात बसला होता. तो म्हणाला, “मी ह्याच घरात र्‍हानार. भोंगा हाय की.”

फौजेत याचं उत्तर शिकवत नसावेत. शेवटी आण्णानं पुढच्या रजेपर्यंत मुदत दिली. तोवर जमलं तर ठीक, नाहीतर तो स्वतः दादाला आश्रमात नेऊन पोचवणार होता. देखरेखीला माझी नेमणूक झाली, कारण मी मलकापूरला मास्तर होतो आणि मास्तरांना रविवारी काही काम नसतं अशी सार्वत्रिक समजूत आहे.

शेजारी भिंतीला भिंत लागून एक मुसलमान शिंपी राहत. सगळी आळी त्यांना चाचा म्हणे. दादाला भाकरी थापता येत नसे, ती चाची धाडायची. बाकी सगळं दादा करी, आणि असं बिनचूक करी की थंडीभर मी जाऊन फक्त चहा पिऊन येत असे. आमच्या शाळेच्या एका संचालकांना हे कळलं तेव्हा त्यांना स्वावलंबन या विषयावर बोलण्याची अनिवार इच्छा झाली. त्यांनी ओट्यावर दादाचा सत्कार केला. भाषणात दादाचं नाव एकदा आलं, तेही चुकीचं. शाल अंगावर पडल्यावर दादा म्हणाला, “थंडी गेली की आता,” आणि ती परत करून त्यानं नारळ तेवढा ठेवून घेतला.

मग उसाची तोड संपली. कारखान्यावर हंगामाची सांगता झाली. अध्यक्ष ऊस, सहकार आणि स्वतःचं बालपण या तीन विषयांवर पुष्कळ वेळ बोलले. शेवटी भोंगा लांबलचक वाजला आणि बॉयलर थंड केला. वाफ नाही म्हणजे भोंगा नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. दरवर्षी उन्हाळ्यात चुलती भोंग्याची जागा घेत असणार, दादाला हाका मारत असणार, हे मात्र आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. मी तर कार्यक्रमाला टाळ्याही वाजवून आलो होतो.

पुढच्या रविवारी भर दुपारी गेलो तर दादा वाकळेवर पडलेला. शेळी दावणीला ओरडत होती.

“दादा, अजून उठला नाहीस?”

“सकाळ झाली न्हाई.”

“अरे, ऊन बघ किती चढलंय.”

“ऊन पडलंय. भोंगा कुठं झालाय?”

मी त्याला बॉयलर, वाफ, हंगाम असं सगळं समजावलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. दोनच दिवसांनी कारखान्याचा वॉचमन त्याला सायकलच्या कॅरियरवर बसवून मलकापुरात माझ्या दारात घेऊन आला.

“मास्तर, तुमचं मानूस हाय म्हनं हे. सकाळधरनं गेटवर बसलंय. म्हटलं भोंगा बंद हाय गड्या, तर म्हनतं दुरुस्त करा, मी थांबतो.”

ही हकीकत रजेवरून परतणार्‍या एका जवानानं आण्णाच्या कानावर घातली. लगोलग आण्णाचा निरोप आला, की श्रावणात येतो, आश्रमात बोलून ठेव.

मी घाबरलो, आणि घाबरलेला शिकलेला माणूस जे करतो ते केलं. विकत वस्तू आणली. ठोके देणारं घड्याळ, ते दादाच्या भिंतीवर टांगलं. काटे कळले नाहीत तरी ठोके तर ऐकू येतील, असा माझा विचार. संध्याकाळी चाची हसत हसतच दारात आली. “आवं मास्तर, दर ठोक्याला जेवतोय त्यो! माझ्या समद्या भाकर्‍या संपल्या. आता ह्यांनी काय खायाचं?” दादा पोट धरून ओट्यावर बसला होता. तो म्हणाला, “हे लय भोंगं देतंय. बंद कर.” घड्याळ बंद केलं.

मग चाचांनी जबाबदारी घेतली. मशीन थांबवून ते खिडकीतून हाक देत, “दादा, जेवून घे रं!” तिसर्‍या दिवशी माझ्यादेखत दोघांची जुंपली.

“मी काय ल्हान हाय, जेव म्हनायला? तुमी चाचीला सांगता का, जेव म्हनून?”

“उलट ती मला सांगती.”

“मग तुमी ल्हान.”

चाचा मान खाली घालून शिवणाकडे वळले. मी दादाला म्हटलं, “अरे, भोंगा तरी काय करत होता? तोही सांगतच होता की.”

“त्यो मला कुठं सांगत हुता? समद्या गावाला सांगतोय त्यो.”

यावर मला काय वाटलं, ते आजही नीट सांगता येणार नाही. त्याचं बरोबर होतं असं वाटलं, आणि त्याच वेळी असंही वाटलं की बरोबर असून त्याचा काही उपयोग नाही. आळीत तसंही भोंगा बंद झाल्यापासून कोण कधी जेवतंय याचा पत्ता नव्हता. आळीतला पिठाच्या गिरणीवालाही मनाला येईल तेव्हा यंत्राचा पट्टा चढवी. आश्रमात मी बोलून ठेवलं. तिथले व्यवस्थापक सज्जन होते, खोली स्वच्छ होती, खिडकीतून चिंच दिसत होती. परत येताना एसटीत मी ती चिंच चांगली की वाईट याचाच विचार करत बसलो.

त्यानंतर शाळा उघडण्याच्या गडबडीत माझे काही रविवार बुडाले. पुन्हा गेलो तो आण्णाबरोबरच, श्रावणात.

घर झाडलेलं होतं, शेळी चरायला गेली होती. आण्णा गणवेशात नव्हता, पण खाटेवर असा बसला होता की गणवेश दिसत होता.

“किती वाजता उठतोस?”

“उठल्यावर.”

“जेवतोस कवा?”

“भोंग्याला.”

आण्णानं माझ्याकडं पाहिलं. “भोंगा तर बंद हाय म्हणालास?”

मी म्हणालो, “बंदच आहे.”

इतक्यात दादा उठला, ओट्यावर गेला, दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि त्यानं भोंगा दिला. हाक नव्हे, आरोळी नव्हे. खालून सुरू होऊन वर चढणारा, वर थांबणारा आणि हळूहळू उतरणारा हुबेहूब कारखान्याचा भोंगा. मी दचकलो. आण्णा तर उठून उभाच राहिला.

आळीत चाचांचं मशीन थांबलं. गिरणीचा पट्टा फडफडत उतरला. कुणीतरी पोरांना जेवायला हाक मारली. चाची ताटात भाकरी झाकून घेऊन आली आणि आण्णाला पाहून पदर सावरत म्हणाली, “सुभेदार, तुमी बी बसा. भोंगा झाला न्हवं?”

आण्णानं मनगटावरचं घड्याळ पाहिलं. “अजून बारा वाजायचेत,” तो म्हणाला. “हा चुकीचा आहे.”

चाचा खिडकीतून म्हणाले, “कारखान्याचा तरी कुठं बरोबर असायचा! आमी ह्याच्यावरच चालतोय आता.”

“पण याला वेळ कळते कशी?” आण्णानं विचारलं.

कुणालाच ठाऊक नव्हतं. भूक लागली की तो भोंगा देतो, असं चाचीचं मत. सावली बघतो, असं गिरणीवाल्याचं. मी दादाला विचारलं तर तो म्हणाला, “झाली की दुपार,” आणि भातावर आमटी ओतून घेतली. आण्णा पाटावर येऊन बसला. शत्रू कुठल्या बाजूला आहे तेच कळेना अशा माणसासारखा त्याचा चेहरा झाला होता. मग त्यानं भाकरी मोडली. संध्याकाळी निघताना मला म्हणाला, “र्‍हाऊ दे त्याला हितंच. आश्रमाला सांग, नको म्हणून.” गल्लीच्या टोकाला पुन्हा म्हणाला, “पण मला ह्यातलं काही समजलेलं न्हाई, हे ध्यानात ठेव.” मी म्हणालो, मलाही नाही.

पावसाळा सरला. कारखान्यावर बॉयलर अग्निप्रदीपन समारंभ झाला. काडी ओढायच्या कामाला एवढा मोठा शब्द मराठीनं का पाळून ठेवलाय कोण जाणे. अध्यक्षांचं बालपण पुन्हा एकदा झालं. मग कारखान्याच्या गव्हाणीत उसाच्या मोळ्या पडल्या आणि हंगाम सुरू झाला. पहिल्या रविवारी दुपारी मी दादाच्या घरी होतो. दादाच्या भोंग्यावर आळीची जेवणं आटोपली होती, दादा ताट घासत होता, तेव्हा कारखान्याचा खरा भोंगा वाजला.

मी आनंदानं दादाकडं पाहिलं. तो राखेचा हात तसाच धरून दारात गेला, भोंगा संपेपर्यंत ऐकत उभा राहिला, आणि परत येऊन ताट घासायला लागला.

“लेट हाय,” तो म्हणाला.

मला हसू आलं. आळीत मात्र कुणी हललं नाही. चाचांचं मशीन तसंच चालू होतं.