विसावं नाव

आमच्या हेडमास्तरांनी मनगटावरचं घड्याळ काढून शर्टाच्या खिशात टाकलं, की कुणाला तरी मार बसणार हे साऱ्या शाळेला कळायचं. घड्याळ सासऱ्यांनी दिलेलं, त्याला धक्का लागता कामा नये. पोराच्या गालाला लागला तर चालेल! तुम्हीही असा एक गुरुजी पाहिला असेलच.

दोन हजारनंतरची पहिली वर्षं. भिवंडीच्या कडेला जिल्हा परिषदेची आमची सातवीपर्यंतची शाळा आणि मी तिथे तिसरीची बाई. "पट माझा हाय," हे गुरुजींचं पालुपद. पोर आजारी पडलं की मला पिटाळायचे, "बाई, बघून या, पट माझा हाय." आणि पोर बरं होऊन आलं की आधी एक ठेवून द्यायचे, "कळवलं का न्हाय?" माणूस वाईट नव्हता असं सांगायला बसले, तर आधी मारच आठवतो, काय करू!

एकदा सहावीतल्या दोन मुली आठवडाभर आल्या नाहीत. लूमच्या कारखान्यात त्यांना मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसवलं होतं. गुरुजी मधल्या सुट्टीत तिथे गेले, मागोमाग मी.

मुकादम म्हणाला, "मास्टर, अपना स्कूल देखो. इधर शिफ्ट चालू है."

घड्याळ खिशात गेलं. पहिल्याच फटक्यात मुकादम सुताच्या खोक्यांवर आपटला. मग चार जण गुरुजींवर तुटून पडले. कुणीतरी मागावरचा लाकडी धोटा हाणला, भुवई फुटली, रक्त ओठांपर्यंत आलं. तरी दोन्ही मुलींना हाताला धरून त्यांनी बाहेर काढलंच. शाळेत परतल्यावर आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्याच महिन्यात तोच हात सातवीतल्या एका मुलीवर पडला. धाकट्या भावाला ताप, म्हणून ती तीन दिवस घरी राहिली होती. "कळवलं का न्हाय?" आणि कानाखाली अशी बसली की ती बाकावर कोसळली. कानातून रक्त आलं. मी दारात उभी होते. लाज वाटते सांगायला, पण मी मुकाट्याने माझ्या वर्गात निघून गेले. ती मुलगी पुन्हा शाळेत आली नाही.

मग पत्र आलं. सोमवारी विस्तार अधिकारी डोकी मोजणार. सातवीत वीस मुलं नसतील तर वर्ग बंद, शिक्षक बंद, अनुदानही बंद. दुसरी सातवी हायवेपलीकडे, आणि तिकडे मुलींना कोण पाठवतो? आमच्या पटावर बरोबर वीस नावं होती. त्या मुलीशिवाय एकोणीस.

शेजारच्या शाळेचे मास्तर म्हणाले, "एक पोरगी उसनी बसवा की. आम्हीपण बसवतो."

गुरुजींनी त्यांची कॉलरच धरली. मी मध्ये पडले म्हणून निभावलं.

रविवारी आम्ही दोघं त्या मुलीच्या घरी गेलो. तिची आई जवळच्या पूर्णा गावातल्या गोदामात कामाला जायची. मुलगीही आता कांड्या भरत होती. आमचं बोलणं ती उजवा कान पुढे करून ऐकत होती.

"ताई, उद्या हिला पाठवा," गुरुजी म्हणाले. "न्हायतर वर्ग जाईल."

"कारखान्यात बी हात उचलतात, गुरुजी. पन त्यो हात मजुरी तरी देतो. तुमचा काय देतो?"

गुरुजी तिथेच अंगणात बसले. "चुकलो मी. मला मारा. पन हिला पाठवा."

"मी काय मास्तर हाय, कोनाला बी मारायला?" ती म्हणाली आणि मुलीला घेऊन आत गेली.

सोमवारी अधिकाऱ्यांनी डोकी मोजली. एकोणीस. गैरहजर मुलीच्या नावापुढे कारण लिहायचं होतं. गुरुजींनी लिहिलं, 'मुख्याध्यापकाने मारले.'

अधिकारी भला माणूस. म्हणाला, "हे खोडा हो. आजारी लिहा, मी वीस धरतो."

"खोडनार न्हाय."

"अहो गुरुजी, लिहा ना आजारी!" मी सगळ्यांसमोर ओरडले. "वर्गातल्या पोरींनी काय केलंय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण पेन काही उचललं नाही. तेव्हा त्यांच्या पाया पडावं की त्यांनाच एक ठेवून द्यावी, हे मला कळेना. अजून कळलेलं नाही.

वर्ग बंद झाला. गुरुजींची बदली लांब कुठेतरी झाली, नंतर भेट नाही. सातवीत आठ मुली उरल्या होत्या. हायवेपलीकडच्या शाळेत त्यातल्या दोघीच गेल्या.