आठवण गेली मुलाची, हेवा वाटला मेहुण्याचा

मित्रहो, आज सकाळी महाळुंग्याच्या कंपनीतून रात्रपाळी करून आलेला माझा सव्वीस वर्षांचा मुलगा एकच प्रश्न वारंवार विचारू लागला, "मी घरी कसा आलो?" मी प्रत्येक वेळी सविस्तर उत्तर दिले. त्याचे समाधान होईना.

मुलाला रुग्णालयात नेले, तिथे माझा मेहुणा धावत आला. त्यालाही तोच प्रश्न.

"कंपनीच्या बसनं आलास, भाच्या. माझ्या गाडीवर बसला असतास, तर जन्मात विसरला नसतास!"

मुलगा हसला, शांत झाला. मला मेहुण्याचा हेवा वाटला.

डॉक्टरांनी विचारले, "पूर्वी असे काही घडले होते?"

मी ठामपणे "नाही" म्हणालो.

"दाजी, दोनदा झालंय," मेहुणा म्हणाला. "आमच्याकडं जेवताना एकटक बघत बसला. हाक मारली तरी ओ न्हाई."

तो मेहुण्याकडे जेवायला जातो, हे मला तिथेच कळले.

डॉक्टरांच्या मते हा फिटचा प्रकार असू शकतो. जागरणाने तो बळावतो. मेंदूचा आलेख काढला असून बी-बारा आणि थायरॉईडच्या तपासण्याही सुरू आहेत. नेमकी दिशा मात्र मेहुण्याच्या माहितीने मिळाली.

मुलगा आता सावरला आहे. माझा हेवा अद्याप शमलेला नाही.

डॉक्टरांनी हाच प्रश्न तुम्हाला विचारला, तर खरे उत्तर तुमच्याकडे असेल, की मुलाच्या मामाकडे?