मागचं सांगणारे मास्तर

कुणी हात पुढं केला की मास्तर तो आधी उलटा करायचे. हात बघणारे तुम्हीही बाजारात पाहिले असतील. ते तळव्यावरच्या रेषा वाचतात. आमचे मास्तर वरच्या बाजूनं बोटांची हाडं चाचपायचे आणि म्हणायचे, "पुढचं मला कळत नाही. मागचं सांगतो."

सांगलीच्या एका शाळेत सृष्टिज्ञान शिकवून ते निवृत्त झाले होते. गावोगाव व्याख्यानं देऊन पाहिली, चार माणसं यायची. मग इस्लामपूरच्या बाजारात कडुलिंबाखाली त्यांनी पोतं अंथरलं, "हात पाहतो" अशी पाटी लावली, आणि गर्दी हटेना. शेजारी फळीवर तारेनं बांधलेली हाडं: वटवाघळाचा पंख, शेळीचा पुढचा पाय, बेडकाचा हात.

"मास्तर, माझं लगीन कवा?"

"ते तुझ्या बापाला विचार. पण तुझ्या फार मागच्या पूर्वजाला शेपूट होतं. माकडहाड चाचपून बघ, खूण अजून आहे."

"माझी नुसती खूण, मास्तर. ह्या गणप्याचं अख्खं शाबूत हाय!"

बाजार हसायचा. मास्तर सगळ्यांत मोठ्यानं.

माझे वडील लढाईत गेले, परमुलखात. आई लोकांच्या उसात तण भांगलायला जायची. मी मॅट्रिकच्या वर्गात होतो आणि चुलते म्हणत होते, "शाळा बास झाली. पोराला फौजेत भरती करू." आईला भरतीची धास्ती. वडिलांच्या हातावर लढाई लिहिली आहे असं एका ज्योतिष्यानं सांगितलं होतं, आणि ते खरं झालं होतं.

एका बाजाराच्या दिवशी ती मला मास्तरांसमोर घेऊन बसली. "आवं मास्तर, ह्याच्या हातावर भरती लिहिलीया का, तेवढं बघा."

मास्तरांनी माझा हात उलटा करून वटवाघळाच्या पंखाशेजारी ठेवला. "बघा बाई, ह्याची पाच बोटं, त्याचीही पाच. एकाच जुन्या हातापासून निघालेले हे दोघं. लाखो वर्षं, पिढीमागून पिढी, जरा जरा बदलत एकाचा पंख झाला, एकाचा हात."

"ते ऱ्हाऊ द्या. लिहिलंय काय?"

या वेळी मास्तर हसले नाहीत. "काही लिहिलेलं नाही. वटवाघळाच्या हातावरसुद्धा उडणं लिहिलेलं नव्हतं."

आईनं त्या पंखाची बोटं एकेक करून मोजली.

संध्याकाळी चुलत्यांनी पुन्हा विषय काढला. आई भाकरी थापत होती. "न्हाई भावजी. वटवाघळाच्याबी हातावर लिहिलं न्हवतं."

चुलते म्हणाले, "वैनी, आज उन्हात लय येळ होता काय?"

"पोराची शाळा सुटायची न्हाई," आई म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

पुढं सांगलीला कॉलेजात गेलो. सुट्टीत घरी येताना बाजारात डोकावायचो. एका वर्षी कडुलिंबाखाली बांगडीवाला बसलेला. मास्तर वारले, त्यानं सांगितलं. हाडांची फळी कुठं गेली ते त्याला ठाऊक नव्हतं.

निकाल लागला तेव्हा आईला पेढा द्यायला हात पुढं केला. तिनं पेढा बाजूला ठेवला, माझा हात उलटा केला आणि एकेक बोट चाचपलं.

मी बी.एस्सी. झालो, प्राणिशास्त्र घेऊन. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला पहिला मीच.